हिरवी खूण, लाल खूण

सर खुर्चीत बसण्याआधी ती दोन्ही हातांनी हलवून पाहत. खुर्ची त्यांचीच, रोजचीच. काल संध्याकाळी तिच्यावरूनच उठून घरी गेलेले. तरी सकाळी आले की आधी पाठ धरून हलवायची, मग बसायचं. स्कूटरच्या पेट्रोलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. टाकीचं झाकण उघडून ते आत एक लाकडी पट्टी बुडवत आणि कुठपर्यंत ओली झाली ते पाहत. चहावाला 'बिना शक्कर' म्हणून कप ठेवायचा, सर एक घोट तोंडात धरून थांबायचे आणि मग गिळायचे. भिंतीवरचं घड्याळ आणि हातातलं घड्याळ एकच वेळ दाखवू लागली की त्यांचा संशय उलट वाढे. दोन्ही एकाच माणसानं लावली असतील, म्हणत.

कार्यालयात त्यांना पाठीमागे शक्की साहब म्हणत. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात तीन जणांनी मला त्यांच्याबद्दल सावध केलं. मी तेव्हाही रोज सकाळी कामांची यादी करत असे आणि त्या वह्या मी फेकत नाही, त्यामुळे त्या आठवड्याच्या यादीतली 'सरांपासून जपून राहणे' ही ओळ अजून माझ्याकडे आहे. तिच्यापुढे खूण केलेली नाही.

नवीन राज्य नुकतंच झालं होतं. रायपूर एका रात्रीत राजधानी झालं, पण राजधानीला लागणाऱ्या इमारती काही एका रात्रीत होत नाहीत. जी जागा रिकामी दिसेल तिथे कार्यालय घुसत होतं. आमचं कार्यालय एका जुन्या वसतिगृहात आलं आणि आमचा कक्ष वसतिगृहाच्या जेवणघरात. दारावर 'भोजनालय' असा रंगवलेला बोर्ड तसाच होता. मी वर्ध्याहून आईला घेऊन आले होते, चौबे कॉलोनीत दोन खोल्या घेतल्या होत्या, वडील नव्हते, आणि सहायकाची नोकरी दोन वर्षांच्या परिविक्षेवर होती. म्हणजे दोन वर्षांत काही बोट ठेवण्यासारखं घडलं तर घरी.

सर आमचे कक्ष प्रमुख. त्यांच्या आजोबांनी रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीकडून येऊन ब्राह्मणपाऱ्यात घर केलं. सर तिथेच जन्मले, तिथेच वाढले. इतरांशी हिंदी बोलत, माझ्याशी मराठी. मला 'बाई' म्हणत, आणि 'तू'.

त्या बोर्डामुळे एकदा दुपारी बीरगांवकडचा एक कामगार आत आला. नवीन कार्यालयात कुठल्याशा दाखल्यासाठी हिंडून थकला होता. दारातून त्याने विचारलं, "खाना मिलही का, साहेब?" सगळे हसले. सरांनी मात्र त्याला बसवलं, स्वतःच्या डब्यातल्या अर्ध्या पोळ्या दिल्या, तो जेवून गेल्यावर मला बोलावलं.

"याचं काय चुकलं, सांग मले. जिथं भोजनालय लिहिलं तिथं जेवण भेटते. इथं भोजनालय लिहिलं आहे. म्हणून इथं जेवण भेटते. 'म्हणून' बरोबर होतं. बोर्ड खोटा होता."

मी म्हटलं, बरोबर आहे सर.

"कायचं बरोबर? ते 'म्हणून' बरोबर होतं हे तुले कोणं सांगतलं?"

सर समाधानाने डबा बंद करत म्हणाले, "अन् जेवण तं त्याले भेटलंच."

हा त्यांचा खरा संशय होता. खुर्ची, पेट्रोल, साखर या किरकोळ गोष्टी. त्या हलवून, बुडवून, चाखून पाहता येतात. सरांना संशय होता तो 'म्हणून' या शब्दाचा. आमच्या फायलींची भाषा हिंदी, तिथे 'म्हणून'च्या जागी 'अतः' लिहितात. दोन ओळी लिहायच्या, खाली 'अतः' लिहायचं आणि तिसरी ओळ. सरकार त्या 'अतः'वर चालतं. आणि त्या 'अतः'ला मंजुरी कुणी दिली, हे कुठल्याही फायलीत सापडत नाही, असं सरांचं म्हणणं होतं. तर्कशास्त्रात त्यांनी एम.ए. केलं होतं, नोकरी करता करता. तोंडी परीक्षेत प्राध्यापक म्हणाले की तर्काचे नियम स्वयंसिद्ध आहेत. सरांनी विचारलं, "कुणाले?" त्यांना तिसरा वर्ग मिळाला.

आमच्या कक्षात साहू बाबू म्हणून एक जुने लिपिक होते. इथलेच, शांत, काटकसरी. त्यांच्या टेबलाचा खालचा खण दोऱ्यांनी भरलेला असे, कारण पार्सलची, बस्त्याची, मिठाईच्या खोक्याची कुठलीच दोरी ते फेकत नसत. त्यांनी एकदा एका वाहनचालकाच्या बढतीची टिपणी सादर केली. नियम: दहा वर्षांची सेवा असेल तो पात्र. याची सेवा: बारा वर्षं. अतः पात्र. सरांनी समासात लिहिलं, 'अतः का आधार?' साहूंना वाटलं, नियमाचा क्रमांक राहिला असेल. तो लिहून फाइल पुन्हा ठेवली. पुन्हा तोच प्रश्न. मग साहूंनी एक ओळ वाढवली, की वरच्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर तिसरी खरी असतेच. सरांनी विचारलं, या वाढवलेल्या ओळीवरून पुढे जायचा अधिकार कुठून आला? फाइल अकरा वेळा खालीवर झाली. शेवटी साहू बाबू फाइल घेऊन उभे राहिले.

"साहब, बारह दस से बड़ा है. इतना तो मान लो. उसके घर में शादी है."

"मान लिया," सर म्हणाले आणि त्यांनी लगेच सही केली. सहीच्या वर लिहिलं, 'मान्य'. साहू गेल्यावर मला म्हणाले, "बघून ठेव. 'सिद्ध' नाही लिहिलं."

त्यानंतर मी लक्ष ठेवलं. एवढ्या वर्षांत सरांनी कुठल्याही कागदावर 'सिद्ध' लिहिलं नाही.

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती, दुकानदार वापरतात तसली. तिच्यात तीन रकाने. पहिल्यात गोष्ट, दुसऱ्यात आधार, तिसऱ्यात पुढे काय झालं. गोष्ट डोळ्यांनी पाहिली असेल तर आधाराच्या रकान्यात हिरवी खूण. दुसऱ्या कशावरून तरी काढली असेल, म्हणजे 'म्हणून'ने आली असेल, तर लाल. ढग आले, पाऊस येईल: लाल. जावई रविवारी येणार, त्याने तसं लिहिलं: लाल. तिसऱ्या रकान्यात कधी 'आला', कधी 'नाही आला'. जिथे 'नाही' असे तिथे खाली बारीक अक्षरात चूक कुठे झाली ते लिहिलेलं. मी एकदा वही चाळून सरळच विचारलं.

"सर, जिथे जिथे चुकलं तिथे तुम्ही पहिल्या ओळीला दोष दिला आहे. माहिती चुकीची होती, जावयाचं पत्र जुनं होतं. 'म्हणून'ला दोष एकदाही दिला नाही. हा पक्षपात आहे."

सरांनी चष्मा काढला. मी घाबरले, पण त्यांचा चेहरा आनंदी दिसत होता.

"हे माह्या प्रोफेसरले कधी सुचलं नव्हतं," ते म्हणाले. मग चष्मा पुन्हा लावत, "ओळ तपासता येते, बाई. 'म्हणून' तपासायचं म्हटलं तं तपासायलेही 'म्हणून'च लागते. एकच तराजू आहे घरात. तो कायच्यावर ठेवून तोलू?"

मी विचारलं, मग ही वही कशाला? इतकी पानं भरली, आता काढून टाका निष्कर्ष.

"निष्कर्ष काढायले काय लागते?" सर म्हणाले आणि त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. वर 'निष्कर्ष' लिहिलं होतं, खाली कोरं होतं.

मला हे सगळं गमतीचं वाटे आणि थोडं भीतीचंही. व्यवहारी माणूस आहे मी. जो माणूस दोन अधिक दोनचा दाखला मागतो, तो उद्या माझा मागेल, हे मला कळत होतं. आणि तसंच झालं.

राज्य वेगळं झाल्यावर जुन्या राजधानीतून आमच्या वाट्याच्या फायली ट्रकने आल्या. कापडी बस्ते, प्रत्येकावर टाचलेली यादी, आडवी-उभी दोरी, दोरीची घट्ट गाठ आणि गाठीवर लाखेचा थेंब. आलेले बस्ते मोठ्या यादीशी ताडून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी तीन आठवडे ते केलं. गोपनीय फायलींचे बस्ते लोखंडी कपाटात ठेवले. कपाटाच्या चाव्या दोन, एक माझ्याकडे, एक सरांकडे.

पाच महिन्यांनी वरून एक फाइल मागवली गेली. एका अधिकाऱ्याविरुद्धच्या चौकशीची. ते अधिकारी आता आमच्याच विभागात वरच्या खुर्चीत होते, त्यामुळे ती फाइल न सापडणं कुणाच्या सोयीचं आहे, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांना माहीत होतं. साहू बाबूंनी कपाटातून बस्ता काढला, सोडला. फाइल नव्हती. मोठ्या यादीत मात्र तिच्यापुढे माझी खूण होती, ठसठशीत.

दोन दिवसांत कार्यालय बदललं. मी आले की बोलणं थांबे. डबा खाताना शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कुणीतरी आईला बाजारात विचारलं की तुमच्या मुलीला बढती मिळणार आहे म्हणे. मी कुणाच्या तरी सांगण्यावरून फाइल गायब केली, असं ठरून गेलं होतं. आणि मलाही संशय येत होता: दुसरी चावी सरांकडे होती. मी सरांकडे बघत असे आणि सर माझ्याकडे. त्यांनी धीराचा एक शब्द काढला नाही. फक्त एकदा टेबलापाशी येऊन विचारलं, "ती फाइल पाह्यली होती का तू?" मी म्हटलं, पाहिली होती. ते निघून गेले.

चौकशीची जबाबदारी एका उपसंचालकांकडे होती. त्यांनी चार ओळींची टिपणी केली. सूचीत फाइल आल्याची खूण आहे. कपाट फोडलेलं नाही. चाव्या दोघांकडेच. कक्ष प्रमुखांची सेवा निष्कलंक, सहायक परिविक्षेवर. अतः फाइल सहायकाने काढली. कक्ष प्रमुखांनी सही करायची की माझी नोकरी संपली. सरांनी फाइल टेबलावर ठेवून घेतली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पाचव्या दिवशी उपसंचालक स्वतः भोजनालयात आले. सगळ्यांसमोर बोलणं झालं.

सर म्हणाले, "दो चाबियाँ हैं, तो या ये या मैं. मुझे क्यों छोड़ा?"

"तो क्या आपका नाम लिखें?"

"लिखिए. वो भी एक संभावना है."

उपसंचालक हसले, मग हसायचे थांबले. जाताना म्हणाले की सोमवारपर्यंत सही झाली नाही तर खरंच तसं लिहावं लागेल. सरांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मला वाटायला हवं होतं की हा माणूस माझ्यासाठी उभा राहिला. मला तसं वाटलं नाही. मला वाटलं, चोर असता तर इतका निर्धास्त राहिला नसता. आणि लगेच वाटलं, की चोर असता तर असाच निर्धास्तपणा दाखवला असता.

रविवारी सकाळी त्यांनी मला ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी बोलावलं. पुढच्या खोलीत पाटावर माझ्या यादीची कार्बन प्रत, शेजारी हिरवं पेन आणि लाल पेन. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आत स्वयंपाक करत होत्या. सरांनी बस म्हटलं नाही, मी बसले.

"ही फाइल. पाह्यली होती?"

"पाहिली होती, सर. किती वेळा सांगू?"

"कव्हर कसं होतं?"

त्या यादीतल्या आधीच्या फायली मला आठवत होत्या. एकीचा कोपरा उंदराने कुरतडलेला, एकीवर चहाचा डाग. ही आठवेना. तिच्या पुढच्या, तिच्या मागच्या पाच-सहाही आठवेनात.

"आठवत नाही," मी म्हटलं. "पण खूण आहे ना. मी न पाहता खूण करत नाही. खूण आहे म्हणजे पाहिलीच असणार."

सरांनी लाल पेन उचललं, पण लिहिलं काही नाही.

"बाई, हे तं 'म्हणून' झालं."

आतून फोडणीचा आवाज येत होता. तो दिवस मला आठवला, शेवटच्या ट्रकचा. आईला ताप होता, मला चारला निघायचं होतं, सहा बस्ते उरले होते. प्रत्येक बस्ता सोडून फायली पाहायला अर्धा तास लागे. मी बस्त्यावर टाचलेली यादी मोठ्या यादीशी ताडली. जुळली. बस्त्याच्या यादीत फाइल आहे, बस्ता आला आहे, म्हणून फाइल आली आहे. सहा बस्ते, वीस मिनिटं. आणि खूण तीच, एकाच निळ्या पेनाची, पाहिलेल्याला तीच आणि न पाहिलेल्यालाही तीच. पुढच्या पाच महिन्यांत ती खूण पाहून पाहून माझी मलाच खात्री झाली होती की मी फाइल पाहिली.

मी खोटं बोलले नव्हते. पण मी खरंही बोलले नव्हते, आणि चौकशीत ते लिहून सही करून दिलं होतं.

काकू ताट घेऊन बाहेर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "पोट्टीले आधी जेवू द्या. तुमचं 'म्हणून' काही पळून नाही जाऊन राहिलं." मग मला म्हणाल्या, "खा वं. यायनं मले पाह्यलं अन् घरी जाऊन एकवीस दिवस इचार केला, का पाह्यलं ते खरंच पाह्यलं का. तेव्हापासून मी यायच्यासाठी थांबत नाही."

मी जेवले. सर म्हणाले, "तुझं 'म्हणून' नाही चुकलं. यादी चुकली असन."

"तुम्ही नेहमी तेच म्हणता," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले. "पण आता ते दाखवायले काही पाहिजे. मी नुसतं म्हणून भागत नाही."

काय दाखवायचं हे मला घरी परतताना रिक्षात सुचलं. मी सोडलेले बस्ते मी परत बांधत असे, वर फुलगाठ, ओढली की सुटणारी. न सोडलेल्यांवर जुन्या राजधानीची गाठ तशीच असणार, लाखेसकट. तो बस्ता साहू बाबूंनी सोडला होता. सोमवारी सकाळी मी आधी त्यांच्याकडे गेले. सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"साहू बाबू, उस बस्ते की गाँठ कैसी थी?"

"पुरानी वाली थी, दीदी. लाख वाली. खुली नहीं, तो बगल से ब्लेड मारा."

"दोरी?"

साहूंनी खालचा खण ओढला. दोऱ्यांच्या गुंत्यातून त्यांनी ती पाच मिनिटांत काढली. बाजूने कापलेली, आणि मधे गाठ अभंग, तिच्यावर लाखेचा थेंब, थेंबावर अर्धवट शिक्का. सरांनी ती हातात घेतली, खिडकीपाशी नेली, गाठ ओढून पाहिली, लाख नखाने खरवडून पाहिली. इतर पाच बस्तेही आम्ही पाहिले. पाचही न सोडलेले, तशीच गाठ, तशीच लाख.

आता लिहायचं राहिलं. बस्ता इथे आल्यापासून मागणी येईपर्यंत सोडलाच गेला नाही. म्हणजे फाइल इथून कुणी काढली नाही. म्हणजे ती आलीच नाही. तिसरी ओळ लिहिण्यासाठी सरांना तो शब्द लिहावा लागणार होता. त्यांनी पहिल्या दोन ओळी भराभर लिहिल्या आणि पेन थांबलं. उपसंचालकांचा शिपाई दारात उभा होता.

"लिहा ना, सर."

"त्यायचं 'अतः' मी इतके दिवस अडवलं," सर हळू म्हणाले. "आता माझं काहून सोडू?"

"गाठ पाहिली तुम्ही. हिरवी खूण आहे."

"गाठीपर्यंत हिरवी. तिच्यापुढं?"

"तिच्यापुढं तुम्ही लिहिलं नाही तर माझी नोकरी जाते."

"तो आधार नाही."

"नाही," मी म्हटलं. मला राग आला होता, आणि रागात माझं डोकं बरं चालतं. "पण आधार नाही म्हणून तुम्ही लिहिणार नाही, हेही एक 'म्हणून'च आहे सर. थांबलात तरी त्यातून सुटत नाही तुम्ही."

सरांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग त्यांनी लिहिलं: 'अतः फाइल इस कार्यालय में आई ही नहीं.' सही केली. दोरी लिफाफ्यात घालून टिपणीला जोडली. खाली मी माझं निवेदन लिहिलं, की सहा बस्ते मी न सोडता खुणा केल्या आणि आधीच्या निवेदनात 'पाहिली' लिहिलं ते चुकीचं होतं. ते लिहायला मला सरांच्या एका शब्दापेक्षा जास्त वेळ लागला.

नोकरी वाचली. लेखी ताकीद मिळाली, परिविक्षा एक वर्षाने वाढली. जुन्या राजधानीला पत्र गेलं. उत्तर आलं की फाइल पाठवलेली आहे, त्यांच्या यादीत तशी खूण आहे. सरांनी ते उत्तर कक्षात सगळ्यांना वाचून दाखवलं, दोनदा. फाइल कधीच सापडली नाही. वरच्या खुर्चीतले अधिकारी यथावकाश बदली होऊन गेले. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात सरांनी लिहिलं, 'सूची अच्छी बनाती हैं. देखने की आदत अभी नई है.'

मी तेव्हापासून दोन पेनं ठेवते. आता माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत आणि नवीन इमारतीत वातानुकूलित कक्ष आहे. पहिल्या दिवशी नवीन माणसाला मी हिरवं आणि लाल पेन देते, तेव्हा ते एकमेकांकडे बघतात. मला पाठीमागे काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली, आणि तीच मला सरांना विचारता आली नाही. सोमवारी दोरी सापडली. त्याच्या आधी, ते नऊ दिवस, सरांना काय वाटत होतं? त्यांनी सही अडवली ती मी चोर नाही म्हणून, की उपसंचालकांचं 'अतः' कच्चं होतं म्हणून? दुसरं असणार, अशी माझी जवळजवळ खात्री होती. मी त्यांच्या जागी असते तर मला माझा संशय आला असता. खरं तर मला त्यांचा आला होताच. निवृत्तीनंतरही मी दर दिवाळीला ब्राह्मणपाऱ्यात जात असे, फराळाचा डबा देत असे, सर चकली मोडून आत शिजली का बघत असत, आणि हा प्रश्न दर वर्षी तसाच परत येत असे.

सर गेल्या वर्षी गेले. दिवस झाल्यावर काकूंनी बोलावलं आणि ती लांबट वही माझ्यासमोर ठेवली.

"तू घेऊन जाय. इथं कोणी वाचत नाही."

"तुम्ही वाचली का, काकू?"

"काहून वाचू? काय लिहिलं असन मले माहीत आहे."

"न वाचता?"

"हाव," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी आधी शेवटचं पान पाहिलं. 'निष्कर्ष', आणि खाली कोरं. मग त्या वर्षाची पानं शोधली. फाइल सापडत नाही हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसाखाली तीन ओळी होत्या. दुसरी ओळ: 'बाईनं फाइल नेली नाही.' शेजारी आधाराचा रकाना. हिरवी खूण नव्हती. लालही नव्हती. तिथे लहान अक्षरात लिहिलं होतं, 'मान्य'.

उपसंचालकांच्या टिपणीच्या आधी. रविवारच्या आधी. दोरीच्या नऊ दिवस आधी.

मग मी तेच केलं जे त्यांनी केलं असतं. वही खिडकीपाशी नेली आणि ती ओळ नंतर भरलेली नाही ना ते पाहिलं. शाई वरच्या आणि खालच्या ओळीचीच होती. दोन ओळींतलं अंतर सारखं होतं, मागाहून दाटीने लिहिल्यासारखं नव्हतं. पान उलटून मागून पेनाचा दाब बोटाने पाहिला. तिसरा रकाना, 'पुढे काय झालं'चा, रिकामा होता. सगळ्या वहीत तेवढाच.

काकू चहा घेऊन आल्या. मी पर्समधली दोन्ही पेनं काढून वहीवर ठेवली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी ती परत आत ठेवली. काकूंकडे एखादी पेन्सिल आहे का विचारलं, आणि त्या रिकाम्या रकान्यात लिहिलं: 'नव्हती नेली.'